खंडेनवमीला खोललेली गाडी

महिपती मास्तरांनी गाडीखालून हात बाहेर काढला आणि सतराचा पाना चाचपला. हाताला झेंडूची पाकळी लागली. त्यांनी हात आणखी जरा लांबवला. फरशी, फरशी आणि पुन्हा फरशी. काल संध्याकाळी जुन्या चादरीवर ओळीनं मांडून ठेवलेले पाने, हातोडी, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, काही म्हणजे काही जागेवर नव्हतं. चादर झटकून, घडी घालून कठड्यावर ठेवलेली होती.

"मथुरा, माझे पाने कुठं हायत?"

घरातून आधी घंटी ऐकू आली आणि मग मथुराबाई.

"बसलेत."

"कोण बसलंय?"

"पाने. देवापुढं. आज खंडेनवमी हाय, इसरलासा व्हय?"

मास्तर सरपटत बाहेर आले. देवघरापुढच्या पाटावर खणाचं कापड अंथरलं होतं आणि त्यावर प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे सगळे पाने उंचीप्रमाणे लावले होते. प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट, प्रत्येकावर फूल. शेजारी विळी, खुरपं, अडकित्ता. जॅक तेवढा गाडीखाली अडकला होता म्हणून वाचला, पण त्यालाही जागेवर जाऊन कुंकू लावलेलं होतं.

मास्तर खरे दचकले ते पाटाच्या कडेला बघून. तिथं चार रिंगा चकाकत होत्या.

या रिंगांपायीच सगळं रामायण चाललं होतं. मास्तरांच्या पांढऱ्या व्हॅनच्या मागच्या दोन्ही चाकांतून तेल गळायचं. एक्सलमधलं तेल बाहेर येऊ नये म्हणून आत रबराच्या काठाची बांगडीएवढी रिंग असते, तिला सील म्हणतात. ते झिजलं की गळती सुरू. काल मास्तरांनी दोन्ही बाजू खोलून दोन जुनी सीलं उपसून काढली होती. दोन नवी आणून ठेवली होती. मथुराबाईंनी चारही चिंच लावून घासली होती आणि वर खोबरेल चोळलं होतं.

"ह्यातली नवी कुठली?" मास्तरांनी विचारलं.

"देवापुढं नवंजुनं काय असतंय?"

"अगं, पण—"

"काळी मिट्ट झाली होती बिचारी. धुतली तर काय बिघडलं?"

मास्तरांना कपाळावर हात मारावासा वाटला, पण हाताला ग्रीस होतं.

वेळ थोडा होता. गणपतीत ऋतुराज, म्हणजे मास्तरांचा मुलगा, पुण्याहून आला आणि पहिलं पाऊल टाकलं तेच व्हॅनखालच्या तेलात. बूट पांढरे होते. तेव्हापासून त्यानं गाडीचा पिच्छाच पुरवला. परवा फोनवर तर त्यानं अटच घातली. "आप्पा, दसऱ्याला सकाळी येतोय. फरशीवर तेलाचा एक थेंब जरी दिसला तरी गाडी एक्स्चेंजला द्यायची. नवी घेऊ, ती माझ्याकडं पुण्यात राहील. तुम्हाला तिथं रिक्षा आहेतच की."

"आणि थेंब न्हाई दिसला तर?"

"तर पुन्हा गाडीचं नाव काढणार नाही."

मास्तरांनी रागाच्या भरात कबूल केलं. सगळा जन्म चित्रकला शिकवण्यात गेला होता. स्पॅनर हातात धरला तो निवृत्तीनंतर, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून. व्हिडिओतला गोरा माणूस शीळ घालत सील बदलायचा आणि त्याच्या शर्टाला डागसुद्धा पडायचा नाही. मास्तरांनी कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं एक्सलची सुरेख आकृती काढली होती. छायांकनासकट.

रिक्षाचं त्यांना वावडं नव्हतं. भीती निराळी होती. ओळखीतल्या ज्यांच्या ज्यांच्या गाड्या पोरांनी काढून घेतल्या, ते सगळे संध्याकाळी कट्ट्यावर बसून कुणीतरी कुठंतरी न्यायची वाट बघत. मास्तरांना तसं बसायचं नव्हतं.

आणि घरातूनही आधार नव्हता. ते तेलाचे डाग मथुराबाईंनी वर्षानुवर्षं सोडा टाकून घासले होते, आणि घासताना व्हॅनच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. पोराची अट ऐकून त्या "बरं हाय" एवढंच म्हणाल्या. मास्तर काय समजायचं ते समजले. ही फितूर झाली.

"एकच पाना दे," ते आता अजिजीनं म्हणाले. "सतराचा. बाकीचे बसू देत."

"सासूबाई सांगायच्या, आयुध देवापुढं बसलं की अक्षता पडल्याबिगर उठत न्हाई."

"मग कधी पडणार अक्षता?"

"उद्या सकाळी."

"उद्या सकाळी ऋतुराज येतोय."

"मग त्यालाच टाकू दे की."

मास्तर पायात चपला सरकवून तडक निघाले. दोन गल्ल्या सोडून इसूफचं गॅरेज होतं. त्याचे पाने तरी मोकळे असतील, अशी त्यांची अटकळ होती.

इसूफच्या शटरला झेंडूचं तोरण होतं. टूलबॉक्सवर कुंकवाची पाच बोटं होती. इस्त्रीचा शर्ट घालून इसूफ खुर्चीत बसला होता आणि त्याच्या मांडीवर पेढ्यांचा बॉक्स होता.

"या मास्तर, पेढा घ्या."

"पेढा नको, सतराचा पाना दे."

"आज? नक्को मास्तर. आज पाना उचलायचा नसतो."

"तुला रे कसली खंडेनवमी?"

"अब्बांपासून चालू आहे की. गिऱ्हाईकं तुमची, गाड्या तुमच्या, मग पाने काय वेगळे?" इसूफनं अंगठा पुढं केला. नख मधोमध दुभंगलेलं होतं. "एका वर्षी ऐकलं नाही. उचलला पाना. हे बघा."

मास्तरांनी नख बघितलं आणि पेढा घेतला.

"भाभींना मनवा," इसूफ म्हणाला. "भाभी मानल्या की देव मानतो."

भाभी मानण्याची चिन्हं नव्हती. दुपारी मास्तरांनी स्वयंपाकघरातली सांडशी लांबवली आणि तिनंच तेल भरायच्या भोकाचा नट पकडून बघितला. नट हलला नाही. मथुराबाई आल्या, त्यांनी सांडशी काढून घेतली, तिला कुंकू लावलं आणि पाटावर नेऊन ठेवली. मग त्यांनी पातेलं पदरानं उतरवलं. मास्तर जेवणावर रुसले, आणि जेवण शेंगाचटणी-भाकरीचं आहे असं कळल्यावर जेवले.

उन्हं कलली तेव्हा ते विटांवर टेकवलेल्या व्हॅनकडं बघत पायरीवर बसले होते. चाकं काढलेली ती गाडी बघवत नव्हती. तेवढ्यात मागून मथुराबाई आल्या. त्यांच्या हातात सतराचा पाना होता, कुंकवासकट.

"घ्या. टाकल्या अक्षता."

"उद्या टाकणार होतीस की."

"पाटावर जागा न्हाई. उद्या आपट्याची पानं कुठं ठेवू, माझ्या डोक्यावर?"

मास्तरांना वाटलं, आपल्या रुसव्याची मात्रा लागू पडली. ते उठून कामाला लागले.

पण चारातली नवी दोन ओळखायची कशी? बाजारात जावं तर दुकानंही पूजा करून बंद. मास्तरांनी सीलं डोळ्यांजवळ धरली. सगळी लखलखत होती. अंगठ्यानं रबर दाबलं. खोबरेल मुरल्यानं सगळी मऊ. वास घेतला, कारण नव्या रबराला वास असतो असं व्हिडिओत सांगितलं होतं. चारही सीलांना उदबत्तीचा वास येत होता. शेवटी त्यांनी चित्रकाराच्या नजरेवर भरवसा ठेवला, दोन निवडली आणि बाकीची दोन दूर सारली. एक्सलच्या तोंडाशी सील धरून त्यांनी चहूबाजूंनी हलक्या हातानं ठोकत ते सारखं बसवलं. मग दुसरं. एक्सलचे दांडे आत गेले, नट आवळले, तेल भरलं, चाकं चढली. गाडी विटांवरून उतरवून त्यांनी मागच्या दोन्ही चाकांखाली वर्तमानपत्र अंथरलं. शर्टाचं मात्र पोतेरं झालं होतं.

दसऱ्याच्या सकाळी ते दात घासायच्या आधी अंगणात गेले. उजव्या चाकाखालचा कागद कोरडा ठाक होता. मास्तरांना नाचावंसं वाटलं. मग त्यांनी डावीकडचा कागद ओढला. त्यावर आरपार तेल उतरलं होतं आणि खाली फरशीवर रुपयाएवढा डाग पडला होता.

एक नवं बसलं होतं, एक जुनं.

त्यांनी डाग फडक्यानं पुसला. बघता बघता दुसरा थेंब टपकला. तो पुसला तर तिसरा. आता पुन्हा सगळं खोलायला वेळ नव्हता. मास्तर मटकन पायरीवर बसले. गाडी गेली, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. दारात मथुराबाई उभ्या होत्या, हे त्यांना कळलंही नाही.

फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा मास्तर डाव्या चाकाला टेकून उभे होते आणि त्यांचं पाऊल बरोबर डागावर होतं.

"आप्पा, नमस्कार करतो," म्हणत ऋतुराज वाकायला लागला.

"हां हां, आधी आईच्या पाया पड," मास्तर घाईनं म्हणाले. पाया पडायला पोरगा खाली वाकला, की त्याचं नाक थेट त्या थेंबावर येणार होतं.

"आई कुठं आहे? आणि तुम्ही असे का उभे आहात?"

"गाडीची पूजा व्हायची हाय. बाजूला व्हा दोघंबी," मथुराबाईंचा आवाज आला. त्या हळदकुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन आल्या, सरळ डाव्या चाकापाशी गेल्या, मास्तरांना कोपरानं सारलं आणि चाकापुढं ठेवलेल्या दगडावर नारळ आपटला. नारळ चांगला पाणीदार होता. फरशीभर पाणी झालं. त्यावर त्यांनी मूठभर हळद, मूठभर कुंकू आणि उरलेली फुलं टाकली.

ऋतुराजनं बॅग खाली ठेवली. "आई, नारळ पुढच्या चाकापाशी फोडतात ना?"

"आमच्या माहेरी मागच्याला फोडत्यात."

"मागच्या?"

"डाव्या."

ऋतुराजनं बापाकडं बघितलं. मास्तरांनी जन्मभर खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं होतं. त्यांनी घसा खाकरला.

"व्हय. त्यांच्यात डाव्यालाच."

ऋतुराजनं मोबाइलचा टॉर्च लावला आणि उजव्या चाकाखाली वाकून बघितलं. फरशी कोरडी होती. त्यानं बोट फिरवून बघितलं, तेही कोरडं. मग तो डावीकडं आला. तिथं पिवळं-लाल तळं साचलं होतं.

"हे पुसायचं का जरा?"

"दसऱ्याचं पाणी पुसत न्हाईत. आपूआप वाळतंय."

ऋतुराजनं एकदा तळ्याकडं आणि एकदा आईकडं बघितलं. मग त्यानं टॉर्च बंद केला.

"आप्पा, जमलं की तुम्हाला," तो म्हणाला. "डीलरला नको म्हणून कळवतो." आणि बॅग उचलून तो आत गेला.

मास्तर जागचे हलले नाहीत. सासुरवाडीला त्यांनी किती दसरे केले होते. तिथं गाडी नव्हतीच कुणाकडं.

मथुराबाईंनी व्हॅनच्या दारातून चावी काढून कमरेला खोचली.

"परवा दुकानं उघडली की नवं एक आणा. डावी बाजू परत खोला. तवर गाडी काढायची न्हाई, चावी माझ्यापाशी."

"तुला तर ही गाडी नको होती."

"कोण म्हणालं? मला डाग नको होता." त्या नारळाची भकलं गोळा करत होत्या. "रिक्षात बसलं की तुमी माझ्याशी न्हाई, रिक्षावाल्याशीच बोलत बसता."

पुरणाला खालून लागल्याचा वास आला, तशा त्या लगबगीनं आत गेल्या.