शेजारणीचं विटकरी छप्पर

ओझेला टिब्सचं जळणं साधंसुधं नव्हतं. ती एकदा जळायला लागली की शेजारच्या अंगणातले टोमॅटो झाडावरच भाजून निघायचे. हसू नका. मी स्वतः तोडून खाल्लेत, नुसतं मीठ लावायचं बाकी असायचं.

आणि शेजारचं अंगण कुणाचं, तर व्हर्नेस्टिन गॅड्सडेनचं. मध्ये एक कुंपण, तेही अर्धं आडवं झालेलं. दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यात झाली, दोघींचे नवरे मागेपुढे गेले, चर्चमध्ये दोघी एकाच बाकावर बसायच्या. पण व्हर्नेस्टिन दर वेळी एक पाऊल पुढे. ओझेलानं ईस्टरला जांभळी टोपी घेतली की व्हर्नेस्टिनच्या जांभळ्या टोपीवर मोराएवढं पीस. रेव्हरंड क्रूम ओझेलाच्या रताळ्याच्या पाईचं तोंडभर कौतुक करायचे आणि घरी नेताना डबा व्हर्नेस्टिनचा न्यायचे.

"कौतुकाला काय पैसे पडतात?" ओझेला मला म्हणायची. "डबा कुणाचा उचलला ते बघ ना, डोव्ही!"

डोव्ही म्हणजे मी. समोरच्या घरातली. माझ्या पोर्चमधून दोघींची दारं दिसतात, त्यामुळे मला टीव्हीची गरज कधी पडली नाही.

एकाच बाबतीत दोघी बरोबरीत होत्या. छपरं. ओझेलाच्या घरात पाऊस बाहेरच्यापेक्षा आधी सुरू व्हायचा आणि बाहेर थांबला तरी आत चालूच राहायचा. एकदा तर तिच्या न्हाणीघरात कॅटफिश सापडला, चांगला हातभर लांब. आम्ही तो तळून खाल्ला.

आता छपरं अशी का, ते आमच्या गल्लीत कुणी कुणाला विचारत नाही. मी लहान असताना आमची सगळी जुनी वस्ती हायवेखाली गेली. कोट घातलेला एक गोड माणूस यायचा, हॅट काढून आजीला 'मॅम' म्हणायचा, लिंबू सरबत प्यायचा, आणि पुढच्या महिन्यात बुलडोझर दारात. हातावर जे टेकवलं त्यात इकडची ही घरं आली. नंतर डागडुजीसाठी बँकेत गेलं, तर काळ्या माणसाला बसायला खुर्ची मिळायची, कर्ज नाही. टेकडीवरच्या गोऱ्यांची घरं वर वर चढली. आमची गळत राहिली.

शेवटी सिटी हॉलला लाज वाटली म्हणा, की कुणीतरी वाटायला लावली म्हणा. लावली ती केटुराह बॉयकिननं, आमच्या होझिया बॉयकिनच्या नातीनं. लाल चष्मा, शिडशिडीत पोरगी, पण कौन्सिलमध्ये उभी राहिली की मेयरला घाम. तिनं भांडून भांडून योजना काढायला लावली: हायवेनं ज्यांना उठवलं, त्यांच्या घराण्यातल्यांना नवं छप्पर. फुकट. घर सावरलं तर घरातल्या माणसांचं पुढचं सावरेल, असं तिचं म्हणणं. पण पहिल्या वर्षी पैसा थोडा, म्हणून नावं सोडत काढून ठरणार होती. सोडत कुठे, तर आमच्या चर्चच्या तळघरात.

सोडतीचा फिरता पिंजरा आणला कॅथलिक लोकांकडून, त्यांच्या बिंगोचा. रेव्हरंड क्रूम त्याच्याकडे बघेनात. आयुष्यभर जुगाराविरुद्ध प्रवचनं दिलेला माणूस.

"प्रेषितांनीसुद्धा चिठ्ठ्या टाकल्या होत्या, रेव्हरंड," मी म्हटलं.

"त्यांच्या चिठ्ठ्यांवर 'जॅकपॉट' असं लिहिलेलं नव्हतं, सिस्टर डोव्ही," ते म्हणाले. पिंजऱ्यावर खरंच लिहिलेलं होतं.

नावं निघत गेली. शेवटचं उरलं. केटुराह म्हणाली, "सायकामोर स्ट्रीट…" आणि आमच्या बाकावरून दोघी एकदम उठल्या, टोप्या सावरत.

"…व्हर्नेस्टिन गॅड्सडेन!"

ओझेला उभीच राहिली. बसायचं कसं तेच विसरली. मग केटुराहनं प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव वाचलं: ओझेला टिब्स. कुणी नाही म्हणालं तर हिचा नंबर.

"बघ, देव तुलाही विसरला नाही गं झेला," व्हर्नेस्टिन तिला मिठी मारत म्हणाली. "फक्त माझ्यानंतर आठवलीस."

झालं. पुढचे आठ दिवस व्हर्नेस्टिन अंगणात उभी राहून छपराचा रंग ठरवत होती. मोठ्यानं. "हिरवा घेऊ की विटकरी? हिरवा झाडात हरवतो. विटकरीच बरा. विटकरी लांबून दिसतो, नाही का गं झेला?"

"आंधळ्यालासुद्धा दिसेल," ओझेला म्हणाली आणि तिनं खिडकी अशी आपटली की गल्लीतले सगळे कुत्रे आडवे झाले.

शनिवारी आम्ही पार्लरमध्ये. मिस बर्डी ओझेलाच्या केसांतून गरम कंगवा फिरवत होती. कुणीतरी व्हर्नेस्टिनच्या नशिबाचं नाव काढलं. ओझेला आरशात बघत सहज म्हणाली, "नशीब? माझ्या मेकन गावच्या चुलत बहिणीला विचारा नशीब."

कंगवा थांबला. "का, काय झालं तिचं?"

"तिलाही सिटीनं छप्पर दिलं. फुकट. मग ती गेली. मयताच्या जेवणाला सगळे बसलेत, आणि कोट घातलेला एक माणूस आला. हॅट काढली. 'मॅम' म्हणाला. ताटभर मॅकरोनी-चीज खाल्लं, आणि बोटं पुसून घराच्या किल्ल्या मागितल्या. छप्पर सिटीचं, तर छपराखालचं पण सिटीचं."

मिस बर्डीनं कंगवा खाली ठेवला. दुसऱ्या कुठल्या गावात अशी गोष्ट सांगितली असती तर लोक हसले असते. आमच्यात कोण हसणार? तो कोट, ती हॅट, ते 'मॅम' प्रत्येकीच्या घरात येऊन गेलेलं. मी थापा मारण्यात आयुष्य घालवलंय, पण कबूल करते, इतकी घट्ट बसणारी थाप मला कधी जमली नाही.

संध्याकाळपर्यंत गोष्ट गल्लीभर फिरली, आणि तिच्यात त्या माणसानं शवपेटीची लांबीही मोजली होती. रविवारी त्यानं पेटीतच बसून सही घेतली. सोमवारी व्हर्नेस्टिन कुंपणाशी आली.

"झेला, तुझ्या बहिणीचं ते… खरंय का गं?"

तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं ओझेलानं. तिनं वाळत घातलेली चादर झटकली. "मी कोण सांगणारी? तुझं घर, तुझी मर्जी."

व्हर्नेस्टिन दुपारी सिटी हॉलला जाऊन नको म्हणून आली. तिच्यामागून मिस बर्डी आणि सोडतीत नाव निघालेले आणखी चारपाच जण गेले.

दोनच दिवसांत केटुराह ओझेलाच्या पोर्चवर आली. मी तिथेच वाटाणे सोलत बसले होते. पोरीचे डोळे सुजलेले.

"मिस ओझेला, अभिनंदन. तुमचा नंबर आलाय," ती म्हणाली. "पण कुणीतरी भलतंच काही उठवलंय. घर तुमचंच राहतं, तुमच्यामागे तुमच्या मुलांचं. मी दारोदार सांगतेय, पण लोक माझ्या कोटाकडे बघतात आणि दार लावतात."

"मग कोट नको घालत जाऊस, पोरी," मी म्हटलं.

"नाही म्हणालेल्यांना रविवारपर्यंत मन बदलता येईल. चर्च सुटल्यावर मी अंगणात असेन. तेव्हाही असंच झालं, तर कौन्सिल म्हणेल, बघा, यांनाच नकोय. आणि योजना बंद."

ती गेली. ओझेलाच्या तोंडावर असा आनंद की मला वाटाणे दिसेनात. "माझा नंबर, डोव्ही! तिच्या नाकावर टिच्चून माझा नंबर!"

तेवढ्यात पलीकडून खडखडाट झाला. बघतो तर व्हर्नेस्टिन शिडीवर. खांद्यावर निळी ताडपत्री, पायात सपाता. आकाश काळं झालं होतं, पाऊस यायच्या आधी ती ताडपत्री छपरावर टाकायला निघाली होती.

ओझेला कुंपण ओलांडून धावली. "उतर खाली, म्हातारे! मोडशील!"

"मग कोण टाकणार? सिटी?"

"तुझा मुलगा कुठाय?"

"डेट्रॉइटला. तिथून पोचतोय का त्याचा हात? तू शिडी धर आणि गप बस."

वरच्या पायरीवर तिचा पाय सटकला. ताडपत्री खाली आली, व्हर्नेस्टिन वरच लटकली, पन्हळीला धरून. ओझेलानं तिचे दोन्ही घोटे छातीशी धरले आणि मी किंचाळत होते. कशीबशी उतरवली. दोघी चिखलात बसून एकमेकींना शिव्या घालत होत्या.

ओझेलाच्या घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "आता सांग तिला. थाप होती म्हणावं."

"वेडी आहेस?"

"पडून मरेल ती!"

"आणि मी सांगितलं तर काय करेल, माहितीय?" ओझेलानं चिखलाचा बूट दारात आपटला. "मला माफ करेल, डोव्ही! सगळ्या चर्चसमोर! मिठी मारेल, रडेल, रेव्हरंड म्हणतील काय मोठं मन. मरेपर्यंत ती मोठ्या मनाची आणि मी ती माफ केलेली. दर रविवारी त्याच बाकावर. मला नाही जमायचं!"

बाई खरंच बोलत होती. पाऊस आला तेव्हा ती खिडकीत उभी राहून पलीकडच्या उघड्या छपराकडे बघत होती, आणि नंतर काहीतरी ठरवल्यासारखं तिनं नाक शिंकरलं.

रविवारी चर्च सुटलं. झाडाखाली केटुराह टेबल मांडून बसलेली, आणि तिच्या टेबलाभोवती एवढी मोकळी जागा की तिथे विमान उतरलं असतं. सगळे लांबून बघत होते. ओझेला जांभळी टोपी घालून सरळ त्या मोकळ्या जागेतून चालत गेली.

"लिही माझं नाव, केटुराह!" पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल इतक्या जोरात. "घेते मी. रंग विटकरी."

व्हर्नेस्टिन गर्दीतून पुढे. "विटकरी माझा आहे!"

"तू सोडलास ना? आता माझा. लांबून दिसतो म्हणे."

"आणि तुझ्या बहिणीच्या किल्ल्या? तो माणूस?"

"ते मेकनचं. इथं कोण बसलंय बघ, होझियाची नात. हिच्या आजोबांचं घर तर हायवेखाली सगळ्यात आधी गेलं. ही माझं घर खाईल? तुला भीती वाटत असेल तर तू घरी जा बाई. कुंपणातून बघ माझं छप्पर. मी बघू देईन तुला."

मी व्हर्नेस्टिनला साठ वर्षं ओळखते. तिच्या मानेवर लाली चढली तशी झाडावरची पाखरं उठली. "मी? मी तुझं छप्पर बघू?" तिनं टेबल दोन्ही हातांनी धरलं. "केटुराह, माझं नाव खोडलंस का?"

"आज संध्याकाळपर्यंत नाही, मॅम."

"मग हात लावून बघ त्याला! छप्पर माझं, रंग माझा! लिही!"

मग काय. मिस बर्डी म्हणाली, "त्या दोघी घाबरत नाहीत, तर मी काय वेडी आहे?" आणि तिच्यामागे नको म्हणालेले बाकीचे. त्या मोकळ्या जागेत पाय ठेवायला जागा राहिली नाही. केटुराह हसत होती आणि चष्मा पुसत होती, दोन्ही एकदम.

सोडलेली सगळी छपरं परत गेली, आणि त्याबरोबर ओझेलाचा नंबरही. ती मागे सरकत सरकत झाडाच्या खोडाला टेकली. पेन तिच्या हातात तसंच. व्हर्नेस्टिन तिच्याजवळ आली, गाल थोपटले, म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस, झेला. पुढच्या वर्षी तुझं निघेल बघ. मी प्रार्थना करीन तुझ्यासाठी."

"कर," ओझेला दातांतून म्हणाली.

घरी जाताना मी विचारलं, "मुद्दाम केलंस ना?"

ती म्हणाली, "टेबलापाशी पोचेपर्यंत मुद्दाम करत होते. पण पेन हातात आलं ना, डोव्ही, तेव्हा मनात एकच चाललं होतं, व्हर्नेस्टिन, तोंड उघडू नकोस. एवढी एकदाच गप बस."

मंगळवारी कामगार आले. व्हर्नेस्टिन अंगणात खुर्ची टाकून त्यांना हुकूम सोडत होती, 'तो कोपरा नीट', 'इथे खिळा कमी पडला'. ओझेला माझ्या पोर्चवर येऊन बसली, कारण तिच्या घरात प्रत्येक हातोडा तिच्याच डोक्यात पडत होता म्हणे. दुपारपर्यंत अर्धं छप्पर झालं. उन्हात ते विटकरी असं उजळलं की रस्त्यावरच्या गाड्या हळू व्हायला लागल्या.

"कसं दिसतंय?" मी विचारलं.

"छान दिसतंय," ओझेला म्हणाली. "म्हणूनच बघवत नाही."

तिनं खुर्ची उचलून पाठ त्या बाजूला केली. आणि मग मान वळवून वळवून संध्याकाळपर्यंत बघत बसली.