क्लच उजवीकडे

लांबच्या प्रवासाची नवीन टूरिंग मोटरसायकल येणार अशी कुणकुण लागली आणि गॅरेजमधल्या रविवारच्या गप्पांना ऊत आला. चष्म्याच्या दुकानवाल्याने मोबाइलवर एक धूसर फोटो आणला. चाचणीसाठी रस्त्यावर काढलेली, कापडात गुंडाळलेली गाडी.

"टाकी बघ केवढी आहे!"

"टाकी कसली, कापडाचा फुगा आहे तो," मेकॅनिक म्हणाला. "पुढची काच मात्र उंच हवी. छातीवर वारा घ्यायची वयं राहिली नाहीत आपली."

तिसरा मित्र वायरमन. शिडीवरून पडल्यापासून त्याच्या डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती आणि त्याची गाडी गॅरेजच्या भिंतीला टेकून होती. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "हिला हाताचा क्लच नसला तर?"

दोघं जरा घुटमळले. मग चष्मेवाला ठासून म्हणाला, "नसणारच! हल्ली सगळं आपोआप असतं."

तिथून पुढे दर रविवारी त्या नसलेल्या क्लचवर चर्चा रंगायची. वायरमनची बायको हे सगळं घरी नवऱ्याकडून ऐकत होती. एक दिवस ती एकटीच गॅरेजमध्ये आली.

"भावजी, खरं सांगा. असं काही असणार आहे का?"

मेकॅनिक हात पुसत राहिला. "माहीत नाही, वहिनी."

"मग कशाला त्यांना खोटी आशा लावता?"



गाडी जाहीर झाली तेव्हा तिघांनी एकाच मोबाइलवर पाहिलं. काच उंच होती, सीट ऐसपैस होती. आणि डाव्या मुठीवर नेहमीसारखा क्लच. चष्मेवाल्याने मोबाइल उलटा ठेवला.

"अरे, तोंडं काय पाडता?" वायरमन म्हणाला. "मला अंदाज होताच. पण बाकी सगळे भेटले की हाताचं विचारतात. इथे गाडीचं बोलणं व्हायचं. बरं वाटायचं."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने वायरमनची जुनी गाडी बाहेर काढली आणि क्लचची दांडी उजव्या मुठीवर, ब्रेकच्या दांडीखाली बसवायच्या मागे लागला. आधी केबल आखूड पडली. मग दोन्ही दांड्या एकमेकींना अडवू लागल्या. शेवटी जमलं. डावा तळवा मुठीवर नुसता टेकवला तरी पुरत होता.

गॅरेजमागच्या रिकाम्या रस्त्यावर वायरमनने गाडी सुरू केली. बंद पडली. पुन्हा बंद पडली.

"राहू दे," तो म्हणाला.

"राहू दे काय? अंगठ्याने ओढू नकोस, बोटांनी ओढ," मेकॅनिक खेकसला.

या खेपेला गाडी गचका खाऊन निघाली. वळणापर्यंत गेली, हळूच फिरली, परत आली. वायरमनचे डोळे भरून आले होते, पण नजर रस्त्यावरच होती.

फेरी बघायला आलेली त्याची बायको पुढे झाली. "मला मागे बसू द्या."

"आधी चार दिवस मला एकट्याला चालवू दे."

"बरं," ती म्हणाली आणि तिथेच एका जुन्या टायरवर बसून त्याच्या फेऱ्या बघत राहिली.