दाराकडे तोंड केलेली खुर्ची

मित्रांनो, माझा मागचा पाय नीट बघा. लोखंडी पट्टी दिसते ना? ती माझी शान आहे! मी एक जुनी सागवानी खुर्ची. १९७१ साली इतवारीच्या बाजारातून हातगाडीवर बसून मी महाल पेठेत, डॉक्टर यमुताईंच्या खोलीत आले. यमुताई मनाच्या आजारावर उपचार करायच्या. रोगी माझ्यावर बसून मन मोकळं करत. मान होता मला!

मग आली कौसल्या. घरी हातमाग, पण मागावर बसली की तिचे हात थरथरत. विणकाम कायमचं सुटेल, ही तिला धास्ती. आल्या आल्या ती मला दाराकडे फिरवायची आणि यमुताईंकडे पाठ करून माझ्या काठावर टेकायची. दोन बुधवार गोड बोलायची, तिसऱ्या बुधवारी भांडून निघून जायची. अशी कशी बाई ही, मला भारी राग यायचा.

एकदा यमुताई लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर निघाल्या. रीतीप्रमाणे म्हणाल्या, "येते हं, कौसल्या."

झालं! तिनं मला उचलून आपटलं. पाय मोडला माझा.

"माही माय बी 'येतो' म्हणूनच गेली! सहा वर्षांची होतो मी. मामाच्या ओट्यावर वाट पाहत राहिलो. आलीच नाही. तुमी बी तशाच! काहून खोटं बोलता?"

यमुताई चिडल्या नाहीत. "हा राग आईवरचा आहे, कौसल्या. इथं निघाला, बरं झालं. ऐक, मी जाते. बारा तारखेला, बुधवारी तीन वाजता याच खोलीत असेन."

निघताना 'जाते' म्हणतं का हो कुणी? मला तर धसकाच बसला!

बारा तारीख आली. माझ्या पायाला पट्टी बसली होती. यमुताई तीनच्या आधीच हजर. सव्वातीन झाले, कौसल्या नाही. माझा जीव खालीवर. साडेतीनला ती दारात उभी!

"समोरच्या दुकानातून पाहून राहिलो होतो, तुमी येता का म्हणून," ती म्हणाली. मग तिनं मला यमुताईंकडे फिरवलं आणि पाठ टेकून बसली. इतक्या बुधवारांत पहिल्यांदा!

पुढेही ती भांडली, रडली, पण उठून गेली नाही. दिवाळीआधी स्वतः विणलेलं लुगडं तिनं माझ्यावर ठेवलं. जिंकलो आम्ही तिघी! दारातून ती म्हणाली, "येतो, बाई." आणि पुढच्या बुधवारी आली.

मित्रांनो, मोडलेल्या खुर्चीला अडगळीत टाकू नका. चिडलेल्या माणसालाही लगेच दार दाखवू नका. आणि निघताना 'येतो' म्हणालात, तर या बरं!