मुहूर्ताचं रीडिंग

मित्रांनो, मी एक जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. माझं नाव घेताना जीभ अडखळली तरी मी रागावणार नाही. ज्यांनी मला वर्षानुवर्षं वापरलं, त्यांनाही ते कधी नीट जमलं नाही. तुर्भ्याच्या एका औषध कारखान्यात, जिन्याखालच्या अडगळीत मी पडून आहे. माझ्या डोक्यावर एक फुटका कूलर ठेवलाय.

१९९२ साली मी इथं आलो तेव्हा केवळ माझ्यासाठी खोलीत एसी बसवला होता. पाहुणे आले की त्यांना आधी मला दाखवत. माझं काम तसं सोपं. गोळी विरघळवून ते पाणी चौकोनी पारदर्शक कुपीत भरायचं आणि कुपी माझ्या पोटात ठेवायची. मी तिच्यातून प्रकाश सोडतो. औषध जितकं जास्त, तितका प्रकाश अडतो. आमच्याकडे क्षयाची गोळी होत असे, एकाच गोळीत दोन औषधं. लाल औषध निळा प्रकाश अडवतं, पांढरं औषध डोळ्यांना न दिसणारा. म्हणून मी दोन प्रकाशांत दोनदा पाहतो आणि कोणतं औषध किती, ते वेगवेगळं सांगतो.

मला चालवायची मंजुषा, कामोठ्याहून येणारी केमिस्ट. कुप्या धुवायची दिवाळे गावची सगुणा. तिच्या नवऱ्याला, शिवाला, क्षय झाला होता. आमचे साहेब हौसेराव मनाचे उदार. शिवाच्या गोळ्या ते कारखान्यातूनच फुकट द्यायचे.

१९९४च्या खंडेनवमीला सकाळी मंजुषानं नव्या लॉटची गोळी मोजली. लाल औषध बरंच कमी भरलं. "उद्या दसरा आहे, मुहूर्तावर परत रीडिंग घेऊ," हौसेराव म्हणाले. मग पूजा झाली. मला झेंडूचा हार घातला. सगुणा कुपीपाशी थांबली.

"माजे नवऱ्याची गोळी हिच्यातच मोजतान ना? मंग हिला पन लावते," असं म्हणून तिनं कुपीला हळदीचं बोट लावलं. मला ते फार आवडलं.

दसऱ्याच्या मुहूर्तावर हौसेरावांनी स्वतःच्या हातानं कुपी भरली. पूजेची हळद पुसायची नसते, म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. आता हळदही निळाच प्रकाश अडवते. तो कुणी अडवला हे मला कसं कळणार? लाल औषध अगदी बरोबर भरलं.

"सर, कुपीला हळद आहे. यंत्रानं तीपण औषधात धरली," मंजुषा म्हणाली.

"मुहूर्ताचं रीडिंग आहे ते. खाली ट्रक उभाय, आता टेन्शन नको देऊ."

तिनं कुपी पुसलीच. मी खरा आकडा दाखवला, आधीइतकाच कमी. हौसेरावांनी माझं बटण बंद केलं.

ट्रक गेला. त्याच लॉटची पाकिटं शिवालाही मिळाली. मंजुषानं सगुणाला बाजूला घेतलं. "ही गोळी कमी ताकदीची आहे गं. दवाखान्यातून दुसरी आण."

"पूजेची गोळी हाय ती, ताई. सायबांनी सोताचे हातान दिलीय."

महिनाभरात मंजुषा नोकरी सोडून गेली. शिवानं एकही गोळी चुकवली नाही, तरी त्याचा खोकला परत आला. औषध अपुरं मिळालं की क्षय उलट मुरतो. उन्हाळ्यात शिवा गेला. हौसेराव दिवाळ्याला जाऊन रडले. त्या रडण्याचा मला आजही राग येतो.

पुढच्या खंडेनवमीला मला पुन्हा हार घातला. सगुणा दाराशीच उभी होती. "ये की पुढं," हौसेराव म्हणाले.

"नको सायेब. आता माजा हात पूजेला चालत नाय."

मित्रांनो, यंत्राची पूजा एखाद्या वर्षी राहिली तरी चालेल. त्याला स्वच्छ पुसा, आणि ते नको ते सांगू लागलं तरी त्याचं ऐका. माझं कुणी ऐकलं नाही.

सगुणा अजून इथंच आहे. जिन्याखाली झाडायला आली की माझ्यावरची धूळ पदरानं पुसते आणि हळूच म्हणते, "माजेच पूजेत काय तरी कमी पडलं रं."