धुतलेले व्हॉल्व

त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. एका टोकाला गावातल्या लाँड्रीवालीच्या जुन्या व्हॅनच्या इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व बसतात तो वरचा भाग, उताणं पडलेलं, दुसऱ्या टोकाला बाबांचे वॉरंटीचे कागद आणि मधोमध, दोन्हीकडच्या माऱ्यात, पुस्तकात डोकं घालून बसलेली मुलगी.

आई घराला लागून असलेलं गॅरेज चालवायची, बाबा शोरूममध्ये गाड्यांची वाढीव वॉरंटी विकायचे. एकीचं पोट बिघाडावर, दुसऱ्याचं बिघाडाच्या भीतीवर, आणि संसार दोन्हींवर छान चालला होता. मुलगी ग्रंथालयात नोकरीला होती. सुट्टीच्या दिवशी घरी यायची.

वाद तिच्याच गाडीवरून पेटला होता. कंपनीची वॉरंटी संपत आली होती, ती वाढवावी की नाही? बाबा म्हणत होते, डोळे मिटून वाढव. आईनं त्यांना कागद मोठ्यानं वाचायला लावला. व्हॉल्व त्यात धरलेत का? धरलेत. आणि व्हॉल्ववर काजळी साचून ते जळले तर? बाबांनी चष्मा वर केला आणि जरा हळूच सांगितलं, की ती झीज झाली, झीज धरत नाहीत.

"अहो, झीज सोडून यंत्राला दुसरं होतं तरी काय?" आई म्हणाली.

बाबाही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. हल्लीच्या गाड्यांत निम्मं इंजिन आणि निम्मा कॉम्प्युटर असतो, तो बिघडला की पान्यानं दुरुस्त होत नाही, हे त्यांनी ऐकवलं. पण खरी मेख निराळी होती. वाढीव वॉरंटी घेतली की इंजिन कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये उघडायचं. म्हणजे लेकीच्या गाडीला आईचा हात लागायचा नाही. हे तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

बोलता बोलता आईचं काम चालूच होतं. व्हॉल्वच्या काठाला खरखरीत पेस्ट लावायची, रबरी टोपीची काठी त्याला चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत धरून पुढं-मागं फिरवायची. आधी खर्र खर्र आवाज यायचा, मग काठ आणि तो जिच्यावर टेकतो ती हेडमधली सीट एकमेकांना सरावले की आवाज मऊ व्हायचा. घासून झालेला व्हॉल्व ती अंड्यांच्या ट्रेमध्ये त्याच्या ठरलेल्या खळग्यात ठेवायची. ज्याचा त्याला. परक्या सीटवर बसवला तर तो गळणार.

"फिरवून बघतेस एक?" आईनं काठी पुढं केली.

"नको, तूच कर."

"राहू दे बाई. बाईसाहेबांना घाण वाटते." आई हसली. घरातला हा जुना विनोद होता. मुलीनं नेहमीप्रमाणे पान उलटलं.

सोमवारी सकाळी आई उठली नाही. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले.

माणसं आली, गेली. बाबांना रिकामं बसता येईना, म्हणून त्यांनी घर आवरायला घेतलं. कपाटं झाली, माळा झाला, मग टेबलाची पाळी आली. मुलगी दुकानातून परतली तेव्हा आठही व्हॉल्व तारेच्या घासणीनं लख्ख घासून, पुसून, काचेच्या बरणीत फुलांसारखे उभे केले होते.

"बाबा, ट्रे कुठंय?"

"टाकला. तेलकट झाला होता."

तिनं जाऊन कचऱ्याची बादली पाहिली. ती रिकामी होती.

त्याच दिवशी लाँड्रीवाली आली. आधी मनसोक्त रडली, मग डोळे पुसून व्हॅनचं विचारलं. दुसरीकडं इंजिनच बदला म्हणतात, तेवढी तिची ऐपत नव्हती. शनिवारी हॉटेलच्या चादरी पोचवल्या नाहीत तर ते काम हातचं जाणार होतं, आणि शनिवारचा शब्द आईनं दिला होता. बाबांनी आपल्या शोरूमचं वर्कशॉप सुचवलं आणि इतक्या जुन्या गाडीला तिथं कोणी उभं करणार नाही, हेही स्वतःच कबूल केलं. मग लाँड्रीवालीचं लक्ष बरणीकडं गेलं. काय झालं ते कळल्यावर ती बाबांकडं बघतच राहिली.

"अहो, मी अख्ख्या गावाचे मोजे धुते. तेसुद्धा जोडीनं परत करते."

घरात सोमवारनंतर पहिल्यांदाच हसू फुटलं. सगळ्यात जास्त बाबाच हसले, आणि मग बराच वेळ नाक पुसत राहिले.

शेजारचा, यंत्राचे भाग कातून देणारा लेथवाला हेड आणि इंजिनाचा पट्टा बसवून द्यायला तयार झाला, पण व्हॉल्व घासायला नाही. त्याचा हात जड आहे असं आईच म्हणायची. "तू जन्मभर त्या टेबलाशी बसलीयेस," तो मुलीला म्हणाला, "तूच बस."

ती बसली. लहान व्हॉल्व एकीकडं, मोठे एकीकडं, इतकंच कळत होतं. कुठला कुठल्या सीटचा हे आता कोणी सांगणार नव्हतं. आठही नव्यानं बसवायचे. तिनं पेस्ट लावली, काठी तळव्यांत धरली. खर्र खर्र. आणि तिच्या लक्षात आलं, की आवाज कधी मऊ होतो हे तिच्या कानांना पाठ आहे. इतकी वर्षं डोळे पुस्तकात होते, कान नव्हते.

व्हॉल्व घट्ट बसला का ते बघायला बाबांनी वरून रॉकेल ओतलं आणि वाकून खालचं फडकं पाहिलं. "गळतंय," त्यांनी परीक्षेचा निकाल लावल्यासारखं जाहीर केलं. पुन्हा घासला. पुन्हा गळला. तिसऱ्या खेपेला तिनं जोर लावणं सोडलं आणि काठीला आपल्या चालीनं फिरू दिलं. खालचं फडकं कोरडं राहिलं.

मधेच बाबांनी आठवण केली, की तिच्या वॉरंटीची मुदत उद्या संपते. विक्रेता म्हणून नको, बाप म्हणून सांगा, असं ती मान वर न करता म्हणाली. बाबांनी खूप विचार केला. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्यानं घ्यावी. घरात जाणतं कोणी नाही त्यानं तर जरूर घ्यावी.

"आणि मी?"

"तुझी नखं बघ," बाबा म्हणाले. "असल्या नखांच्या माणसाला मी आजवर एकही वॉरंटी विकू शकलेलो नाही."

शुक्रवारी लेथवाल्यानं हेड चढवलं. लाँड्रीवालीनं चावी फिरवली. इंजिन खोकलं, अडखळलं, गप्प झालं. तिनं पुन्हा चावी फिरवली. दुसऱ्यांदा ते सुरू झालं, गुरगुरलं आणि संथ चालू लागलं. लेथवाला कान लावून उभा होता. एकही सिलेंडर ठोका चुकवत नाही, असं त्यानं बोटांनीच खुणावलं. लाँड्रीवालीला थांबायला वेळ नव्हता. हात हलवत ती व्हॅन घेऊन गेलीसुद्धा.

लेथवालाही गेला. बाबा दाराशी घुटमळत होते. मुलगी गॅरेजमध्ये मोकळ्या जागेकडं बघत उभी राहिली, आणि मग समोर कोणी असावं तशी, साध्या आवाजात बोलली.

"आई, मला घाण कधीच वाटली नाही गं. भीती वाटायची. तू इतकं सुंदर करायचीस, माझ्या हातून ते बिघडेल याची."