सहासष्ट सालचा एक गुण

लेनी झुरावस्कीचं लग्न एका भांडणातून जमलं होतं, आणि लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली तरी ते भांडण काही मिटलं नव्हतं. बाकी संसार म्हणाल तर दृष्ट लागावी असा. दोन्ही मुली आपापल्या घरी सुखात, परसात टोमॅटोची रोपं, रविवारी चर्चमधून येताना गरम पिएरोगीची, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्यांची, पिशवी. पण महिना-दोन महिन्यांनी, निमित्त काहीही असो, गाडी सहासष्ट सालावर यायचीच.

"आज मीठ जरा जास्त झालंय का गं?" एवढंच तो विचारायचा.

"तुझी जीभही तुझ्या डोळ्यांवरच गेलेली दिसतेय," तेरेसा म्हणायची. की झालं सुरू.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या कोळशाच्या पट्ट्यात तेव्हा गावोगाव ढोल-बिगुलांची पथकं होती. उन्हाळा लागला की दर शनिवारी कुठे ना कुठे स्पर्धा. आणि परीक्षक म्हणजे आजच्यासारखे उंचावर खुर्चीत बसून 'सादरीकरण भावपूर्ण होतं' वगैरे लिहिणारे नव्हेत, बरं का! हातात फळी, फळीवर कागद, कानामागे पेन्सिल, आणि गडी थेट मैदानात, वाजवणाऱ्या पोरांच्या रांगांमध्ये घुसायचे. टिपरू केसभर आधी पडलं, मार रेघ. पाऊल वाकडं पडलं, मार रेघ. एका रेघेला एक दशांश गुण गेला, विषय संपला. ढोलाचे परीक्षक तर वाजवणाऱ्याच्या पुढ्यात गुडघे टेकून कान लावायचे. संध्याकाळी त्यांच्या पँटी गुडघ्यांवर हिरव्यागार झालेल्या असत. वाजवायच्या आधी तपासणी व्हायची ती वेगळीच. बुटांचे तळ बघायचे, हनुवटीचा पट्टा बघायचा, बिगुलाच्या तोंडात पांढरं बोट घालून मळ काढायचा. तपासणीत उभ्या उभ्या एका पोराला जांभई आली म्हणून रेघ बसली होती, आणि ती लेनीनेच मारली होती. त्याचं त्याला आजही काही वाटत नसे.

लेनीकडे दंडाचं काम होतं. वेळ पाळली का, कोणी हद्दीबाहेर गेलं का, कुणाच्या हातून काही पडलं का, झेंडा जमिनीला लागला का. झेंड्याला तर दशांश नाही, अख्खा एक गुण जायचा. वयाच्या सव्विसाव्या वर्षीच त्याचा असा दरारा होता की तो मैदानात आला की पोरं बुटाच्या नाड्या चाचपायची. "डोळ्याला दिसलं की पेन्सिलीने लिहायचं, मधे डोक्याला विचारायचं नाही," असं तो छाती पुढे काढून सांगायचा.

सहासष्टच्या ऑगस्टमध्ये राज्याची अंतिम स्पर्धा याच गावाच्या शाळेच्या मैदानावर होती. गावचं पथक, ब्लू लँटर्न्स, भलतंच रंगात आलं होतं. शेवटी बिगूल हळू झाले आणि झेंडेवाल्या मुली सलामीसाठी एका गुडघ्यावर खाली बसल्या. त्यात अठरा वर्षांची तेरेसा. समोर तिरपी धरलेली काठी, आणि निळं रेशमी कापड गवतापासून वीतभर वर. तेवढ्यात वारा आला, कापड खाली आलं, आणि वीस पावलांवर उभ्या असलेल्या लेनीला ते गवतात गेलेलं दिसलं. त्याने लिहिलं, झेंडा जमिनीला लागला, एक गुण वजा. निकाल लागला तेव्हा पहिल्या पथकाला एक्क्याऐंशी पूर्णांक सहा. लँटर्न्सना एक्क्याऐंशी पूर्णांक दोन.

लेनी आपल्या गाडीपाशी गेला तर ही पोरगी गणवेशातच तिथे उभी.

"गुडघे दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"तुमच्या पँटीचे गुडघे दाखवा. बघा, स्वच्छ! ढोलवाले वाकून बघतात, खाली बसून बघतात. तुम्ही वीस पावलांवरून उभ्या उभ्या एक गुण कापलात. कापड माझ्या बुटावर आलं होतं. मला बुटावर लागलेलं कळलं."

"मला दिसलं ते मी लिहिलं."

"मग नीट दिसत नाही तुम्हाला," ती म्हणाली आणि रडायला लागली. लेनीने रुमाल पुढे केला. तो रुमाल परत द्यायला ती पुढच्या शनिवारी आली आणि पुन्हा भांडली. पुढचं काय सांगायचं!

लग्नात सगळं पथक नाचलं. पण पथकाचे हुडाक मास्तर, ज्यांनी ती सगळी पोरं हाताखाली घडवली होती, ते तेरेसाला भेटले की पहिलं वाक्य ठरलेलं. "काय तेरेसा, गवत कसं आहे?" मास्तर हसत विचारायचे, आजूबाजूचे हसायचे, तीही हसायची. घरी आल्यावर मात्र भांडी आदळायची. चारचौघांत हसून घ्यावं लागतं म्हणून दुखत नाही असं थोडंच आहे?

आता पथकाची साठी-सत्तरी उलटलेली माणसं स्नेहसंमेलनासाठी जमणार होती. मास्तर पंच्याऐंशीचे झाले होते आणि पुढच्या महिन्यात मुलीकडे ॲरिझोनाला कायमचे निघाले होते. ठरलं असं की जुन्याच मैदानावर, जुनाच कार्यक्रम सादर करायचा, आणि गंमत म्हणून लेनीने फळी-पेन्सिल घेऊन जुन्या पद्धतीने रेघा मारायच्या.

"मास्तर जायच्या आत मला निकाल हवा," तेरेसा आदल्या दिवशी पांढरे बूट पुसत म्हणाली.

"निकाल सहासष्टलाच लागला."

"तो तुझा. मला खरा हवा."

लेनीला तिची दया आली. "हे बघ, मी माइकवर सांगून टाकतो. चूक झाली माझी. मास्तर ऐकतील, सगळे ऐकतील. मिटवून टाकू."

तेरेसाने बूट खाली ठेवला. "चूक झाली असं वाटतं तुला?"

"...नाही."

"मग खबरदार तोंड उघडलंस तर! बायको म्हणून गुण परत नकोय मला. तू तेव्हा जिथे होतास तिथेच उद्या उभा राहा. मी माझ्या जागेवर, त्याच सलामीत बसते. कापड बुटावर आणून दाखवते. बघ, आणि काय दिसेल ते लिही."

"आणि गवताला लागलं तर?"

"तर मास्तरांना म्हणेन, गवत छान आहे."

लेनीला त्या रात्री झोप नीट लागली नाही. बावीस वर्षं परीक्षकी केली, एक रेघ मागे घेतली नव्हती. आता तिची चूक निघावी असंही वाटेना, स्वतःची निघावी असंही वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान गच्च भरलं होतं. लेनीने पिस्तुलाचा बार काढला आणि सगळे निघाले. एकाचं पोट पट्ट्यात मावत नव्हतं, एकाचं टिपरू पहिल्याच मिनिटात उडून गेलं. लेनीने न हसता रेघ मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिगूल मात्र असे लागले की त्याच्या अंगावर काटाच आला. मग ते हळू झाले आणि झेंडेवाल्या बायका, कुणी सत्तरीच्या आसपास, कुणी सत्तरीपार, जपून जपून एका गुडघ्यावर खाली गेल्या.

लेनी मैदानाच्या चाळीस यार्डांच्या रेषेवर, तेव्हासारखाच वीस पावलांवर उभा होता. तेरेसाने काठी तिरपी केली. निळं कापड हळूहळू खाली आलं आणि गवतात गेलं.

गेलं की! सगळ्या गावासमोर, मास्तरांसमोर, पुन्हा गवताला लागलं. म्हणजे पन्नास वर्षं आपण बरोबर होतो, आणि त्याचा काडीचाही आनंद त्याला होईना. हात सवयीने कागदाकडे गेला. पेन्सिल टेकली.

तेवढ्यात त्याचं लक्ष आपल्या गुडघ्यांकडे गेलं. कडक इस्त्रीची करडी पँट, एकही डाग नाही.

"च्यायला," लेनी म्हणाला आणि चालू लागला. वीस पावलं. डॉक्टरने गुडघे टेकू नका म्हणून बजावलं होतं. तेरेसाच्या समोर जाऊन त्याने आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग तळवे, आणि गाल पार गवताला लावला.

कापडाची सोनेरी झालर तिच्या पांढऱ्या बुटावर पसरली होती. जमीन आणि झालर यांच्यामध्ये चांगली दोन बोटं जागा होती, त्यातून पलीकडचे ढोल दिसत होते. पुढची पाती उंच होती, एवढंच. उभ्या माणसाला ती आड येत होती आणि कापड बुडाल्यासारखं दिसत होतं. आज दिसत होतं, आणि त्या दिवशीही तसंच दिसलं असणार.

लेनी तसाच पडून राहिला. अठरा वर्षांची ती पोरगी गाडीपाशी का रडत होती, ते त्याला आत्ता कुठे कळलं.

सलामीत ओठ हलवायची बंदी असते. तेरेसाने समोर बघत, दातांच्या फटीतून विचारलं, "दिसलं?"

"दिसलं."

"नक्की?"

"नक्की. तेरेसा, माझं चुकलं गं."

"मग लिही. आणि मला उठव, गुडघा धरलाय माझा."

"मलाच कोण उठवणार?"

शेवटी दोघांना उठवायला चार ढोलवाले लागले. झेंडा तेवढा तिने कुणाच्या हातात दिला नाही.

कागद माइकवर वाचायचा मान हुडाक मास्तरांचा होता. त्यांनी चष्मा लावला. टिपरू पडल्याचं वाचलं, हद्द ओलांडल्याचं वाचलं, लोक हसले. मग ते थांबले. पुढचं दोनदा मनात वाचलं आणि मग मोठ्याने वाचलं. "सन एकोणीसशे सहासष्ट. झेंडा जमिनीला लागला नव्हता. परीक्षकाने उभ्याने पाहिलं. एक गुण परत."

मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. "ब्याऐंशी पूर्णांक दोन," ते म्हणाले. "आपण जिंकलो होतो पोरांनो!" मग त्यांनी टोपी काढली आणि तेरेसाकडे वळले. "पोरी, पन्नास वर्षं मी तुला चिडवलं. तुला एकदाही विचारलं नाही, खरंच लागलं होतं का गं?"

"आता विचारलंत ना, मास्तर," ती म्हणाली. "नव्हतं लागलं."

"अजून एक ओळ आहे," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "आजचा दंड. झेंडेवालीने रांगेत बोलणे. एक दशांश वजा."

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. तेरेसा सगळ्यात जास्त हसत होती. "ती रेघ मान्य!" ती ओरडली.

घरी आल्यावर लेनीने पँट धुवायच्या टोपलीत टाकली. दोन्ही गुडघ्यांवर हे एवढे हिरवे डाग होते. तेरेसाने ती टोपलीतून काढली, झटकली, आणि न धुता कपाटात आपल्या गणवेशाशेजारी टांगून ठेवली.