स्टुलावरचं इंजिन

“कापू का?” घड्याळवाल्यानं विचारलं.

त्याच्या एका डोळ्याला भिंग होतं आणि हातात नवं ब्लेड. आमच्या मध्ये स्टुलावर इंजिन होतं.

“थांब जरा,” मी म्हणालो.

“अर्धा तास झाला, थांब थांब करतोयस. टेबलावरचा पेशंटसुद्धा एवढा घाबरत नाही.”

“त्याला भूल दिलेली असते.”

“मग तुला देऊ का?” तो हसला. मला हसता आलं नाही. आत लेक चहा करत होती. रविवार होता म्हणून ती आली होती. दर रविवारी येते, आई गेल्यापासून.

इंजिन म्हणजे काही मोठं नव्हे. रंगाचा रिकामा डबा. खाली स्पिरिटचा दिवा, वर झाकणावर गार पाण्याची वाटी. आतली हवा तापली की फुगते, गार झाली की आक्रसते. तेवढ्यावर एक रबरी पडदा वरखाली होतो आणि चाक फिरतं. डब्याच्या आत आणखी एक सैल डबा असतो, तो हवेला गरम बाजूकडून गार बाजूकडे आणि परत ढकलत राहतो. त्याला सायकलचा स्पोक लावला आहे. हा स्पोक झाकणातल्या पितळी नळीतून बाहेर येतो. नळीत तो इतका बेताचा बसायला हवा की हवा निसटू नये आणि अडकूही नये. चाकाच्या दांडीवर पंख्याची पाती आहेत. वीज लागत नाही.

वीज लागत नाही म्हणूनच ते केलं. बायकोची फुप्फुसं निकामी होत चालली होती. चेहऱ्यावर वारा असला की तिला बरं वाटे, आणि आमच्याकडे दुपारची वीज जाते. छताचा पंखा हळू होत होत थांबला की ती त्याच्याकडे बघत राही, आणि मी तिच्याकडे. मी बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपांवर मेकॅनिक होतो. बंद पडणाऱ्या मशीनची मला कधी भीती वाटली नव्हती. ती त्या दुपारी वाटायला लागली.

पहिली दोन इंजिनं चाललीच नाहीत. एकात आतला डबा घासायचा, दुसऱ्याची झाकणाच्या सांध्यातून हवा जायची. तिसऱ्याच्या वेळी ती म्हणाली, “अहो, ते कथलाचे डाग देणं ठेवा बाजूला. मी बांधते.”

ती कपडे दुरुस्त करून द्यायची. चेन बदलणं, बाही आखूड करणं, असली कामं. तिनं सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली आणि वरून मेण लावलेला दोरा गुंडाळला. मी डबा फिरवत होतो, ती दोरा ओढत होती. दहा वेढे झाले की थांबायची, श्वास घ्यायची, आणि म्हणायची, “हं, फिरवा.” नव्वद वेढे घेतले. शेवटचं टोक तिनं असं आत घेतलं की गाठ कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

ते इंजिन चाललं. असली इंजिनं आपोआप सुरू होत नाहीत, चाकाला बोटानं ढकलावं लागतं. ते काम तिचं. मी दिवा लावायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग ती पडल्या पडल्या हात लांब करून चाकाला टिचकी मारायची. मी रोज सकाळी स्पोकवर तेलाचा थेंब सोडायचो आणि औषधं आणायला जायचो. पंपवाल्याचा हात, तेल घातल्याशिवाय राहवत नाही. दुपारी इंजिन झकास चालायचं. “तुमच्या हाताला गुण आहे हो,” ती म्हणायची, आणि मला ते खरं वाटायचं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, “नखांकडे लक्ष ठेवा. निळी-काळी दिसली की लगेच घेऊन या.”

मी लक्ष ठेवलं. दुसऱ्याच आठवड्यात तिच्या उजव्या अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर काळसर झाक दिसली. तिला दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, म्हणाले, “काही नाही, चांगली आहेत.” तोवर तिनं हात धुतलेले होते. चार दिवसांनी पुन्हा तेच. एकदा तिच्या पाण्याच्या पेल्यावर काळा ठसा उठलेला दिसला. लेकीनं बघू नये म्हणून मी तो घाईघाईनं पुसून टाकला. बायकोला विचारलं मात्र नाही. विचारलं तर ती काय सांगेल, याची भीती वाटली. पुढे पुढे मी त्या काळ्याला सरावलो. आजाराचंच काहीतरी असेल, म्हटलं.

आणि ज्या दिवशी बोटं खरंच निळी पडली, त्या दिवशी मी बघितलं आणि रोजचंच आहे असं समजून स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तो तास-दीड तासानं. दवाखान्यात नेलं, पण तिथून ती घरी आली नाही. तासाभरानं काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. बघूनही मी निघून गेलो, हे डॉक्टरांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. घड्याळवाल्यालाही नाही, लेकीला तर नाहीच.

त्यानंतरही मी रोज दुपारी दिवा लावत होतो. कॉट रिकामी होती, पण सवय होती. चौथ्या आठवड्यात इंजिनाचा आवाज बदलला. चाक वर येताना दमल्यासारखं करायला लागलं. मी जास्त तेल घातलं. आणखी जड झालं, आणखी घातलं. बारा दिवसांपूर्वी ते थांबलं.

सगळं तपासलं. सांध्याला, पडद्याला, नळीला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा आला नाही. वाटीतलं पाणी बदललं. दिव्याची वात नवी घातली. चाकाच्या दांडीचे दोन्ही क्रँक काटकोनात आहेत का ते गुण्या लावून पाहिलं. मग एकच गोष्ट उरली. आतला डबा घासत असणार. तो बघायचा तर झाकण काढायला हवं, आणि झाकण काढायचं तर दोरा कापायला हवा.

तिनं बंद केलेली ती शेवटची वस्तू. तिनं बांधलं तेव्हाचीच हवा आत खालीवर होत असते, बाहेर जात नाही. थोडी थोडी झिरपतेच, हे मी मेकॅनिक असून मला कळतं. पण ब्लेड लावलं आणि फस्स झालं, तर नंतर मी या घरात काय करायचं, ते मला कळत नव्हतं. ब्लेड मला लावता येईना म्हणून घड्याळवाल्याला बोलावलं होतं.

“हे बघ,” तो आता म्हणाला, “कापायचं नसेल तर मी चहा पितो आणि जातो. पण नुसतं पुजून ठेवायचं असेल तर काचेच्या कपाटात ठेव.”

“काप,” मी म्हणालो.

त्यानं ब्लेड दोऱ्यावर ठेवलं. मग उचललं. भिंग खाली नेऊन तो नळीकडे बघू लागला.

“हे काय रे? तेल?”

“रोज घालतो.”

“रोज?” त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. “अरे बाबा, हा काय तुझा पंप आहे? एवढ्याशा दांडीला तेल म्हणजे पायात चिखल. वाळून डिंक झालाय त्याचा. मी घड्याळात एवढं तेल घातलं असतं तर गिऱ्हाइकांनी मला चोपला असता.”

“पण आधी चालत होतं ना. तेव्हाही तेलच घालत होतो.”

“मग चाललं कसं?” त्यानं चिंधी स्पिरिटमध्ये बुडवली आणि स्पोक पुसायला लागला. पिवळा चिकट थर निघाला. त्याच्याखाली चिंधी काळी झाली. त्यानं ती बोटांत चोळली, वास घेतला. “हे शिसं आहे. पेन्सिलीचं. हे बरोबर केलंस बघ.”

“मी नाही केलं.”

“मग कुणी केलं?”

लेक चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. “आई लावायची,” ती म्हणाली. “म्हणजे चेनला. चेन अडकली की शिसपेन्सिल घासायची. तेल लावलं तर कपडा खराब होतो, म्हणायची.”

मी उठलो. कॉटच्या भिंतीकडच्या बाजूला गादी आणि लाकूड यांच्यामध्ये हात घातला. टाचण्या खोचायची तिची छोटी उशी लागली. तिच्या शेजारी एक चिंधी, तेलानं कडक झालेली. आणि दीड इंचाची शिसपेन्सिल.

मी औषधं आणायला गेलो की ती माझं तेल पुसून काढायची. मग पेन्सिल घासायची. मग हात धुवायला उठायची, दम लागत असताना. नाही उठवलं तर तशीच. मी रुसेन म्हणून बोलली नसेल. मला हे सगळं त्या चिंधीकडे बघता बघता कळलं, आणि मग तो काळा अंगठा आठवला. मी कॉटवर बसलो.

“बाबा, काय झालं?” लेकीनं विचारलं.

“काही नाही. चहा ठेव तिथे.”

विचारलं असतं एकदा, तर ती हसली असती. मग तो दिवस मी ओळखला असता.

घड्याळवाल्यानं ब्लेड कागदात गुंडाळून खिशात टाकलं होतं. त्यानं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी स्पोक कोरडा केला आणि पेन्सिल घासली. पुरे म्हणून थांबावं आणि पुन्हा घासावं, असं दोनदा झालं. दिवा लावला. तीन मिनिटं थांबलो. मला वाटत होतं, चाललं नाही तर बरं.

“ढकल की,” घड्याळवाला हळूच म्हणाला.

मी चाकाला टिचकी मारली. ते फिरलं, वर जाऊन क्षणभर अडल्यासारखं झालं, आणि मग सुटलं. पूर्वीचा आवाज आला. दोऱ्याचे नव्वद वेढे जसेच्या तसे होते. उशीच्या खोळीची कड वाऱ्यानं हलायला लागली.

“नवी पेन्सिल आणून ठेवते,” लेक म्हणाली. “ही संपत आलीय.”

“आण.”

मी चहा घेतला. कप खाली ठेवला तेव्हा त्याच्या पांढऱ्या अंगावर काळा अंगठा उठलेला होता. लेक त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्या हाताकडे. तिनंही कधीतरी तो पेल्यावर पाहिला असणार, मी पुसायच्या आधी.

जाण्याआधी तिनं सगळी भांडी घासून पालथी घातली. तो कप तेवढा स्टुलाजवळच राहू दिला.